बटाईच्या हिशेबातला विमा

विम्याच्या सक्तीविषयी आमचे मत नोकरीत असेपर्यंत अगदी सरळ होते. उभी हयात मध्यप्रदेशच्या महसूल खात्यात गेली. माणूस संकट येऊन गेल्यावरच शहाणा होतो, हे तहसिलीच्या खुर्चीवरून रोज दिसे. विमा ऐच्छिक ठेवला तर नदीकाठची शेतेच तेवढी त्यात यायची, आणि मग हप्ता कोणालाच परवडायचा नाही. मोटारीच्या तृतीय पक्ष विम्याबद्दल तर आजही शंका नाही. ज्याला धक्का बसतो त्याने ती मोटार काही निवडलेली नसते.

पिकाची गोष्ट निराळी निघाली. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री फसल बीमा योजना आली. पीककर्ज घेणाऱ्यास विमा सक्तीचा, खरिपात शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, उरलेला भार सरकारचा. हप्ता बँक परस्पर कापून घेई.

होळकरशाहीपासून चालत आलेली थोडी जमीन सांवेरकडे आमच्या नावावर उरली आहे. ती कसतात बटाईदार. कर्ज आमच्या नावे. कापला गेलेला हप्ता आम्ही हिशेबात 'इतर खर्च' म्हणून धरीत असू, आणि निम्मा बटाईदारांच्या वाट्यातून वळता होई. कशाचा, हे त्यांनी विचारले नाही व आम्ही सांगितले नाही. सक्तीत ही एक सोय असते: समजावून सांगण्याचे कष्ट वाचतात.

२०१९ च्या पावसाने मालव्यातले सोयाबीन शेतात उभे कुजवले. भरपाई ठरते ती पटवारी हलक्याच्या सरासरी उत्पन्नावरून; एकट्याचे शेत बुडाले आणि हलका तरला, तर बहुधा हाती काही नाही. त्या वर्षी मात्र सारा हलकाच बुडाला होता. पैसे आले ते वर्षभराने, २०२० च्या सप्टेंबरात, आमच्या खात्यावर. तोवर बटाईदारांनी बियाण्यासाठी घरातली चांदी गहाण टाकली होती.

निम्मी रक्कम घेऊन आम्ही गेलो. ते म्हणाले, "बाबूजी, हे कशाचे?" विम्याचे, म्हटल्यावर त्यांना वाटले आम्ही कृपाच करीत आहोत. हप्ता त्यांच्याही वाट्यातून गेला होता, हे त्या दिवशी तोंडातून निघाले नाही. पुढच्या खेपेस सांगितले.

२०२० च्या खरिपापासून ती सक्ती गेली. नको असेल त्याने मुदतीच्या ७ दिवस आधी बँकेत तसे लिहून द्यावे, एवढेच उरले. आम्ही लिहून दिले नाही. बटाईचा लेखी करार करण्याची सोय आपल्या राज्यात २०१६ च्या कायद्यानेच झाली होती. ती आम्ही गावोगाव लोकांना सांगितली, स्वतःच्या शेतापुरती सोडून. आता केला. हप्ता कोणी किती भरायचा व भरपाई कोणी किती घ्यायची, हे त्यात आहे. बटाईदारांच्या मुलाने तो वडिलांना दोनदा वाचून दाखवला, आणि तिसऱ्यांदा 'इतर खर्च' कुठे आहे ते शोधू लागला.