आमच्या घरचे मूलद्रव्य

आम्ही सौंसरला दहावीत होतो, तेव्हाची गोष्ट. पांढुर्णा जिल्हा झाला २०२३ मध्ये. त्या वेळी आम्ही छिंदवाडा जिल्ह्याचे. रसायनशास्त्राच्या सरांनी मूलद्रव्यांचा तक्ता भिंतीवर टांगला आणि म्हणाले, "पोट्टेहो, यातले बरेच जण तुमच्या अंगात राहतात."

आम्ही हादरलो. सोडियम म्हणजे तापट पाव्हणा. पाणी दिसले की भडकतो, म्हणून त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरीन तर १९१५ मध्ये युद्धात विषारी वायू म्हणून सोडलेला. पण दोघांचे लग्न लागले की होते मीठ, आणि ते आम्ही कैरीला लावून खातो! पांढरा फॉस्फरस हवेत आपोआप पेटतो. मोठ्या माणसाच्या अंगात मात्र सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो, बहुतेक हाडांत आणि दातांत.

"मंग आम्ही पेटत काहून नाही, सर?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"संगत चांगली मिळाली म्हणून!"

मग २५ नंबर आला, मँगेनीज. आमची मान ताठ झाली. हा तर घरचाच! सौंसर भागात त्याच्या खाणी, भूगर्भशास्त्रात इथल्या खडकांना 'सौंसर समूह' हे नाव, आणि आमचे बाबा खाणीत कामाला. सर म्हणाले, जेवणातून दिवसाला साधारण २ मिलिग्रॅम मँगेनीज शरीराला लागतेच. जास्तीचे यकृत बाहेर काढते. पण धूळ वर्षानुवर्षे नाकातून गेली, तर ते मेंदूत साचते. १८३७ मध्ये जॉन कूपर यांनी ग्लासगोत मँगेनीजचा दगड दळणाऱ्या कामगारांचे पाय कमजोर झाल्याचे लिहून ठेवले. पुढे असे काही रोगी चवड्यांवर, कोंबड्यासारखे चालताना आणि कारण नसताना हसताना आढळले. "गोटमारीचा दगड येताना दिसतो तरी," सर म्हणाले, "ही धूळ कोण पाहतो?"

वर्गात लगेच चार कोंबडे चालू लागले. सगळे हसले. आम्हीही हसलो आणि मधेच थांबलो.

संध्याकाळी बाबा आले, पापण्यांपर्यंत काळे. आम्ही ओट्यावरून त्यांची चाल पाहत राहिलो. टाच नीट टेकत होती. मग आम्ही सगळे सांगून टाकले: दगड ओला करूनच फोडा, नाकाला मास्क लावा, कपडे घरात झटकू नका.

"बरं मास्तर!" म्हणून बाबा मोठ्याने हसले.

"काहून हसता?" आम्ही घाबरून विचारले.

"अरे, पोरगा शहाणा झाला म्हणून!"

कारण होते! आमचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी बाबांनी मुकादमाकडे मास्क मागितला, एक नाही, सगळ्या टोळीसाठी.

विद्यार्थी मित्रहो, तक्ता पाठ करा. पण घरी जाऊन सांगायला विसरू नका.