सात पुटे

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला आता दोन वर्षे होतील. उजवा हात आणि पाय दुबळे झाले. काठीच्या आधाराने चालणे बरेचसे परत आले. बोलणे मात्र फारसे आले नाही. बहुतेक माणसांची भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात आणि शरीराची उजवी बाजूही तोच भाग चालवतो. म्हणून ही दोन दुखणी पुष्कळदा जोडीने येतात. वाचा गेली म्हणजे बुद्धीही गेली, असे भेटायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटते. ते ह्यांच्याशी मोठ्याने, लहान मुलाशी बोलावे तसे बोलतात. वाचाघातात हरवतो तो शब्द. ती वस्तू, तिचा उपयोग, तिच्याविषयीचे राग-लोभ माणसाच्या ठायी तसेच असतात. डॉक्टरांनी हे मला सांगितले होतेच. पण ते खरोखर उमगले एका न उघडणाऱ्या फाइलीपाशी.

२०११ च्या मे महिन्यात ह्यांनी राजापूर तालुक्यातील आमच्या घरी माझ्या सासूबाईंचे आमसुले करणे हँडीकॅमवर टिपून ठेवले होते. रातांबे फोडणे, बिया आणि गर वेगळा करणे, साली मिठाच्या रसात भिजवून अंगणात उन्हाला घालणे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निवृत्तीनंतर त्यांनी ते सारे विंडोज मूव्ही मेकरमध्ये जुळवायला घेतले, मराठी शीर्षके दिली, स्वतःच्या आवाजात निवेदनही भरले. पुढे सासूबाई गेल्या आणि काम तसेच राहिले. जुना संगणक बंद पडला तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या मुलाने त्यातले सगळे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून दिले. ती डिस्क कपाटात साड्यांच्या घडीखाली होती.

ती बाहेर निघाली नातवामुळे. झटका आला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. एके दिवशी त्याने आईला विचारले, ‘आजोबा आधी कसे बोलायचे?’ त्या निवेदनाखेरीज ह्यांचा सलग आवाज आमच्या घरात कुठेही नव्हता.

वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी आधीच सुचवले होते, की नुसती चित्रांची कार्डे दाखवण्यापेक्षा त्यांचे स्वतःचे असे एखादे काम द्या. तेव्हा मी ठरवले, की ही फिल्म आपण दोघांनी मिळून उघडायची. वेळ सकाळी न्याहारीनंतर अर्धा तास, त्याहून अधिक नाही. शब्द शोधण्याचे श्रम रुग्णाला लवकर थकवतात. लॅपटॉपचा माऊस मी डावीकडे ठेवला आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या मुख्य कळीची बाजू बदलली. ज्यांच्या घरी उजवा हात दुबळा झालेले कोणी आहे, त्यांनी एवढे आजच करून पाहावे.

पहिली अडचण प्रोग्रॅमचीच होती. मूव्ही मेकर ज्या संचाचा भाग होता, त्या विंडोज एसेन्शियल्सचे वितरण आणि साहाय्य जानेवारी २०१७ मध्ये अधिकृतपणे थांबले. नव्या विंडोजमध्ये तो नसतो. इंटरनेटवर शोध घेतला की त्याच नावाचा प्रोग्रॅम देऊ करणारी अनेक दालने दिसतात. त्यांपासून दूर राहिलेले बरे. याच नावाचा एक बनावट प्रोग्रॅम लोकांकडून पैसे उकळतो आहे, असा इशारा ईसेट या संगणक-सुरक्षा कंपनीने २०१७ सालीच दिला होता. आपल्या वयाची माणसे ओळखीचे नाव दिसले की चटकन विश्वास टाकतात, आणि ठकांना ते पुरते ठाऊक असते. आमचे दैव असे, की ह्यांनी मूळ प्रोग्रॅमची फाइल ‘सेटअप’ नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवली होती. ती चालवताच संगणकाने डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ मागितले. ही विंडोजचीच एक जुनी सोय असून ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत तिच्यासमोर खूण केली की ती बसते. प्रोग्रॅम उघडला, पण अक्षरे तिळाएवढी. जुने प्रोग्रॅम नव्या दाट पडद्यांसाठी केलेले नसतात. त्याच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कंपॅटिबिलिटी’च्या पानावर गेले, की पडद्याच्या घनतेची निवड बदलता येते. अक्षरे थोडी पुसट दिसू लागली, तरी चष्म्याला पुरेशी होती.

मग फिल्मची फाइल उघडली, आणि चित्रांच्या जागी रांगेने पिवळे त्रिकोण आले, प्रत्येकात एक उद्गारचिन्ह. मला वाटले, सगळे पुसले गेले. ह्यांनी मात्र हात हलवून ‘नाही’ म्हटले. तो त्यांच्याकडे उरलेल्या चार-पाच शब्दांपैकी एक.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अशा प्रोग्रॅमची प्रकल्प-फाइल म्हणजे फिल्म नव्हे. तिच्यात चित्रण नसतेच. कोणता तुकडा कुठल्या फोल्डरमधून घ्यायचा, कुठे कापायचा, त्यावर कोणते शीर्षक, एवढीच टाचणे असतात. मूळ चित्रण जागेवरून हलले, की टाचणे निरुपयोगी होतात. मूव्ही मेकरच्या ह्या आवृत्तीची प्रकल्प-फाइल साधी मजकुराची असते. मी तिची प्रत काढली आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडली. इंग्रजी खुणांच्या गचपणातून ओळखीची नावे दिसू लागली: रातांबे, अंगण, आई. ह्यांनी डावे बोट पडद्यावर टेकवले ते नावांवर नाही, तर प्रत्येक पत्त्याच्या अगदी सुरुवातीला. मी वाचत गेले: ई, ई, पुन्हा ई. त्यांनी टेबलावर थाप मारली, आणि बोट पडद्यावरून हार्ड डिस्कच्या वायरीकडे नेले.

जुन्या संगणकात चित्रण ‘ई’ ड्राइव्हवर होते. नव्या लॅपटॉपने त्याच डिस्कला ‘डी’ हे अक्षर दिले होते. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये हे अक्षर बदलता येते. मी ते ‘ई’ केले, फाइल बंद करून पुन्हा उघडली, आणि अंगणात सासूबाई बसलेल्या दिसल्या. ह्यांना जे म्हणायचे होते, ते शब्दावाचून त्यांनी मला सांगितले होते, तेही अचूक.

मेंदूचेही असेच असते, पत्ता चुकलेला असतो, असे एका नातेवाइकांनी मला समजावले. मला ते पटत नाही. ड्राइव्हचे अक्षर दोन मिनिटांत बदलते. झटक्यात दुखावलेला मेंदूचा भाग तसा परत मिळत नाही. उरलेल्या भागाला नव्या वाटा शोधाव्या लागतात, त्याला महिने-वर्षे जातात आणि काही वाटा सापडतही नाहीत. उगाच आशा लावणाऱ्या उपमांचा शुश्रूषा करणाऱ्याला त्रासच होतो.

एक त्रिकोण उरला होता, नेमका निवेदनाचा. त्याचा पत्ता ‘सी’ ड्राइव्हवरच्या जुन्या नावाच्या फोल्डरचा होता, आणि ते फोल्डर आता बाहेरच्या डिस्कमध्ये इतर पसाऱ्यात होते. शोधायला तीन सकाळी गेल्या. सापडल्यावर मी नोटपॅडमधल्या प्रतीत नवा पत्ता लिहिला. त्यानंतर त्यांचा आवाज खोलीत आला: खणखणीत, थोडा घाईचा, ‘आमसुलं’वर कोकणी हेल देणारा. मी त्यांच्याकडे पाहायचे टाळले. डोळे पुसून पाहिले, तर ते चक्क कंटाळल्यासारखे, जाणत्या संपादकाच्या मुद्रेने ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी हात वर करून थांबवले. मागे. पुन्हा तेच. पुन्हा थांबवले.

निवेदनात ते म्हणत होते, सालींना रसाची पाच पुटे द्यायची. ह्यांनी डाव्या हाताची पाच बोटे दाखवली, मग दोन. चित्रात मागून सासूबाईंचा आवाज बारीक येतो आहे, तो मी प्रथमच लक्ष देऊन ऐकला. त्या ‘सात’ म्हणतात.

निवेदनाची पट्टी तिथे कापून ते वाक्य काढले. जागा रिकामी झाली. वाचोपचारतज्ज्ञ बाई सांगतात, की आकडे, वारांची नावे, पाठ असलेली स्तोत्रे अशी ओळीने येणारी भाषा वाचाघातात पुष्कळदा टिकून राहते. एकटा शब्द अडतो, ओळ चालते. ह्यांचेही तसेच आहे. ‘सात’ म्हणा म्हटले तर ओठ हलतात आणि शब्द येत नाही. मी मायक्रोफोन पुढे केला आणि ‘एक’ म्हटले. त्यांनी हळूहळू, मध्ये दोनदा श्वास घेत, सातापर्यंत मोजले.

ते तसेच रिकाम्या जागी ठेवले आहे. फिल्म एमपी-४ स्वरूपात जतन केली, म्हणजे ती पाहायला आता कोणाला मूव्ही मेकर लागणार नाही, कोणते अक्षरही जुळवावे लागणार नाही. एक प्रत मुलीकडे गेली, एक आमच्या दूरचित्रवाणी संचाला लावलेल्या पेन ड्राइव्हवर आहे. नातू ती लावतो तेव्हा त्या जागी पोचला की आजोबांच्या बरोबरीने मोजतो, आणि ते त्याला सहाच्या पुढे घाई करू देत नाहीत.