वरच्या मजल्याचे पाऊल

रामबागेतल्या जुन्या वाड्यांत डोक्यावरून चाललेले पाऊल कोणाचे, हे खालच्यांस नेमके ठाऊक असे. लाकडी तुळयांवरच्या फळ्या करकरत. आप्पा उठले, काकू देवघराकडे वळल्या, हे अंथरुणातच कळून जाई. सदनिकेत आल्यावर आवाज तेवढा उरला, पाऊल अनोळखी झाले.

आमच्या वर स्पर्धा-परीक्षेची तयारी करणारा एक तरुण राहतो. राज्य लोकसेवा आयोगाचे कार्यालय याच शहरी असल्याने अशी मुले इंदुरास पुष्कळ. रात्री एक वाजता त्याची खुर्ची सरके आणि आजारातून नुकत्याच उठलेल्या सौ.ची झोप मोडे. इमारतीतील जाणत्यांनी कायदा सुचविला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागास रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे खरी. पण ती परिसरातील ध्वनीची. शिवाय एका खुर्चीसाठी पोलीस बोलवावेत, हे मला तरी शोभेना.

काँक्रीटची गंमत अशी, की बोलणे ते बरेचसे अडविते, आघात मात्र थेट खाली पोचविते. आपले छत मढवून फारसे साधत नाही. उपाय वरच्या फरशीवरच करावा लागतो. म्हणून चार रबरी टोप्या घेऊन जिना चढलो.

“अंकल, नीचे इतना सुनाई देता है?” तो खरोखरच चकित झाला. त्याच्या खोलीत तो आवाज नगण्य होता!

खुर्ची आता निमूट आहे. पहाटेचे डंबेल्स अद्याप आदळतात. त्यांविषयी बोलणी चालू आहेत.