कणा वाकवणारा सुपरमॅन

2025 साली जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ आला. त्याला प्रेरणा कुठल्या कॉमिकमधून मिळाली यावर घरातल्या पोरांची चर्चा चालू होती. ते नाव ऐकलं आणि मी कपाटातून ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ काढून परत वाचायला बसलो. ग्रँट मॉरिसनचं लेखन, फ्रँक क्वाइटलीची चित्रं, जेमी ग्रँटचे रंग. 2005 ते 2008 या काळात त्याचे 12 अंक निघाले.

या हीरोची एक मोठी अडचण आहे. परग्रहावरून आलेला, गोळी लागत नाही, आगीत जळत नाही. मग त्याची काळजी कशी वाटणार? मॉरिसनने सुरुवातीलाच ही अडचण सोडवून टाकली. सूर्याजवळ अडकलेल्या संशोधकांना वाचवताना सुपरमॅनच्या अंगात प्रमाणाबाहेर सौरशक्ती शिरते. ताकद वाढते, पण पेशी मरायला लागतात. म्हणजे ज्याच्यावर तो जगतो तो सूर्यच त्याला मारणार! उरलेल्या दिवसांत काय काय उरकायचं, याची ही गोष्ट.

आणि चित्रं? पहिल्याच पानावर चार चौकटी आणि जेमतेम आठ शब्द, एवढ्यात त्याचा सगळा जन्मवृत्तांत संपतो. मुखपृष्ठावर तो ढगावर निवांत बसलाय. छाती काढून वगैरे नाही. मॉरिसनला सॅन डिएगोला सुपरमॅनचा पोशाख घातलेला एक माणूस असाच ऐसपैस बसलेला दिसला होता, ती बैठक त्याच्या डोक्यात राहिली. ज्याला कशाचीच भीती नाही तो ताठ कशाला बसेल?

खरी गंमत क्लार्क केंटची. नुसत्या चष्म्याने माणूस ओळखू येत नाही हे कुणाला पटणार? क्वाइटलीने त्याला खांदे पाडलेला, पोट सुटल्यासारखा, ढगळ कपड्यातला गबाळा माणूस केलाय. तो रस्त्यात एकाला धडकतो. माणूस वैतागतो. पण त्या धडकेमुळेच वरून पडणाऱ्या वस्तूखाली तो सापडत नाही. शब्दांत कुठेही सांगितलेलं नाही, चित्र नीट बघितलं तरच कळतं. पुढे तुरुंगात लेक्स लूथरची मुलाखत घेताना क्लार्क असाच धडपडत त्याला पुन्हा पुन्हा वाचवतो, आणि लूथरला शेवटपर्यंत पत्ता नाही.

माझे बाबा चित्रकलेचे शिक्षक. शेवटच्या आजारपणात मी त्यांना हे पुस्तक दिलं होतं. इंग्रजी मजकूर त्यांनी सोडून दिला, नुसती चित्रं बघितली. क्लार्कच्या पानावर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “ह्याला कणा वाकवता येतो रे. सगळ्यांना नाही जमत.”

त्या दिवसांत बाबांचीही एक यादी चालली होती. गॅस आईच्या नावावर करणं, बँकेत नॉमिनी, आईला एटीएम शिकवणं, फ्यूजच्या प्रत्येक खटक्यावर चिठ्ठी चिकटवणं. मशीनसमोर ते मुद्दाम पिन विसरल्याचं सोंग करायचे, म्हणजे आई आपणहून बटणं दाबायची. तिला वाटायचं, आपणच ह्यांना सांभाळून घेतोय. आज ती सगळे व्यवहार एकटी करते.

म्हणून मला या कॉमिकमधली सूर्यावरची उडी तेवढी लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते एकच पान. गच्चीच्या काठावर उभी असलेली एक मुलगी. मरणाच्या वाटेवर असलेला, हजार कामं बाकी असलेला सुपरमॅन तिच्या मागे येऊन उभा राहतो, तिच्या डॉक्टरांना खरंच उशीर झालाय एवढं सांगतो, तिला धीर देतो आणि जवळ घेतो. तिथे ताकदीचा काहीच उपयोग नाही. वेळ लागतो, आणि तो तर त्याच्याकडे कमीच आहे.

त्याच अंकात तो एक छोटं विश्व तयार करतो, सुपरमॅन नसलेलं. आपल्याशिवाय या लोकांचं कसं होईल हे त्याला बघायचं असतं. तिथे शेवटी एक माणूस कागदावर सुपरमॅनचं चित्र काढत असतो. आपल्या जगात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी केलं तेच.

तो नसला तरी लोक त्याला काढतात. असो. मिळालं तर जरूर वाचा, आणि घाई न करता चित्रं बघा.