मध्यान्हीचे गणित

किनारा दिसेनासा झाला की समुद्रावर चारही दिशा सारख्याच होतात. खूण म्हणून तेथे ना डोंगर, ना देवळाचा कळस. अशा वेळी ‘आपण कुठे आहोत?’ हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाचा राहत नाही. तो जिवाचा होतो. २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजे, स्थानाचा अंदाज चुकल्यामुळे, सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून अधिक माणसे बुडाली.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर सूर्य देतो. दुपारी तो चढत जातो, क्षणभर थबकल्यासारखा भासतो आणि उतरू लागतो. त्या सर्वोच्च क्षणी क्षितिजापासूनची त्याची उंची सेक्स्टंटने अंशांत मोजतात. समजा, २१ मार्चच्या सुमारास, सूर्य विषुववृत्तावर असताना, तो दक्षिणेस दिसला आणि उंची ७१ अंश भरली. ९० मधून ७१ वजा केले की १९ उरतात. म्हणजे आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर, जवळजवळ मुंबईच्या ओळीत आहोत. इतर दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेस असेल तितके अंश यात मिळवायचे, दक्षिणेस असेल तर वजा करायचे. तो आकडा नाविक पंचांगात मिळतो.

पूर्व-पश्चिम स्थान मात्र एकटा सूर्य सांगू शकत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. जहाजावर मध्यान्ह झाली असता ग्रिनिचच्या वेळेला लावलेल्या घड्याळात सकाळचे ७ वाजले असतील, तर आपण ५ तास पूर्वेस, म्हणजे ७५ अंश पूर्व रेखांशावर असतो. सूर्य घड्याळाच्या थोडा मागेपुढे चालतो; तेवढी दुरुस्ती पंचांगावरून करतात. घड्याळ अवघे ४ सेकंद चुकले, तरी विषुववृत्तावर स्थान एका सागरी मैलाने, म्हणजे १८५२ मीटरांनी चुकते. हेलकावणाऱ्या जहाजावर इतके अचूक घड्याळ चालणे अनेकांना अशक्य वाटे. सुतारकाम करणाऱ्या जॉन हॅरिसनने त्यासाठी आयुष्य वेचले. १७६१ मध्ये त्याचे घड्याळ जमैकाच्या सफरीवर गेले आणि कसोटीला उतरले.

या रीतीतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. येथे एकच वेळ जवळ असून भागत नाही. पायाखालची वेळ आणि दूरची वेळ, दोन्ही सांभाळाव्या लागतात. स्थान कळते ते त्यांच्यातील अंतरातून. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यानंतरही मुंबईने अनेक वर्षे आपली ३९ मिनिटे मागची वेळ जपली. तो हट्ट म्हणून सांगितला जातो. पण ३९ मिनिटे म्हणजे पावणेदहा अंश, आणि तितकीच मुंबई प्रमाणवेळेच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाच्या पश्चिमेस आहे.

हे पडताळण्यास समुद्राची गरज नाही. अंगणात किंवा गच्चीवर एक काठी सरळ उभी करा आणि तिची सावली सर्वांत आखूड कधी होते ते घड्याळात पाहा. वर्षाची सरासरी धरली तर मुंबईत ती वेळ १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास, नागपुरात १२ वाजून १४ मिनिटांच्या आसपास येते. आपल्या गावी ती कोणती, हे आपणच शोधून काढावे.