पोर्तो अलेग्रेचा चाकरमानी

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. बाहेरच्या माणसाला हा आकडा कौतुकाचा वाटतो. आम्हाला त्यात घराघरातली रिकामी जागा दिसते. बाप्ये मुंबईला असतात, नाहीतर बोटीवर, नाहीतर आखातात. गिरण्या होत्या तेव्हा गिरणीत गेले, गिरण्या बंद पडल्या तेव्हा जे मिळेल त्यात शिरले. शिमग्याला आणि गणपतीला येतात. वाडीत पाऊल ठेवल्यावर त्यांना विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘कधी आलास?’ आणि लगेच दुसरा, ‘परत कधी?’

होझे रामिरेझ बरेटो या फुटबॉलपटूबद्दल मला जे वाटतं त्याचं मूळ या दोन प्रश्नांत आहे.

ब्राझीलचा खेळाडू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिवळा शर्ट येतो, पेले येतो, झिको येतो. पण तो शर्ट अंगावर चढणारे मूठभर. बाकीचे हजारो पोटापाण्यासाठी देशाबाहेर पडतात. फुटबॉलपटू परदेशी धाडण्यात ब्राझील वर्षानुवर्षं जगात आघाडीवर आहे. उत्तर अटलांटिकमधल्या थंडगार फेरो बेटांवरसुद्धा ब्राझीलची मुलं खेळून आली आहेत. त्यांची गावंही आमच्या गावांसारखीच पत्रांची आणि पैशांची वाट बघत असणार.

बरेटो त्यांतलाच. जन्म १९७६चा, दक्षिण ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेचा. रोनाल्डिन्यो याच शहरातला, बरेटोहून चार वर्षांनी लहान. रोनाल्डिन्यो पॅरिसला गेला, जगज्जेता झाला, मग बार्सिलोनाला गेला. बरेटो १९९९ साली कोलकात्याला आला, मोहन बागानमध्ये. माझ्या लेखी हे दुसरं आयुष्य पहिल्यापेक्षा कमी मोलाचं नाही, आणि हे मी मनापासून लिहितो आहे.

मोहन बागान हा १८८९चा क्लब. १९११ साली इंग्रज पलटणीच्या संघाला हरवून शील्ड स्पर्धा जिंकलेला. तिथल्या माणसांना फुटबॉल कळतो आणि ती माणसं कोणाला सहज जवळ करत नाहीत. बरेटोच्या पहिल्याच मोसमात बागाननं राष्ट्रीय लीग जिंकली. २००१-०२ला पुन्हा. ती दुसरी लीग तर आमच्या शेजारीच ठरली होती, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, चर्चिल ब्रदर्सविरुद्ध शेवटच्या सामन्यात. हिरव्या-मरून पट्ट्यांच्या शर्टातल्या या परदेशी माणसाला बंगाल्यांनी हिरवा पोपट म्हणायला सुरुवात केली. बरेटो हे आडनाव गोव्यात आणि वसईत अजिबात परकं नाही. पोर्तुगिजांनी एकाच पेटीतली नावं दोन किनाऱ्यांवर उतरवली. कोलकात्यात मात्र ते तेवढं ओळखीचं नव्हतं, आणि बघता बघता घरचं झालं.

मधल्या काळात तो मलेशियाला गेला आणि तिथून मुंबईला आला, महिंद्रा युनायटेडकडे. २००५-०६चा तो मोसम. माझं तेव्हा मुंबईला जाणं-येणं असे आणि वेळ मिळाला की मी कूपरेजच्या मैदानावर जाऊन बसे. एका सामन्यातला एक क्षण अजून जसाच्या तसा आठवतो. मागून उंच आलेला चेंडू, बरेटोची पाठ गोलकडे, पाठीला चिकटलेला बचावपटू. त्यानं चेंडू छातीवर घेतला, पायाशी पडू दिला आणि तळव्याखाली दाबून धरला. वळला नाही. मागचा गडी ढकलत होता, खांदा मारत होता. हा नुसता उभा. आपलीच माणसं ओरडायला लागली, ‘अरे मार ना!’ तेवढ्यात उजवीकडून संघातलं एक तरुण पोर सुटलं, आणि पावलाच्या बाहेरच्या कडेनं हलकेच ढकललेला चेंडू बरोबर त्याच्या वाटेत गेला. गोल झाला नाही. पोरानं बाहेर मारला. बरेटो त्याच्याकडे चालत गेला, डोक्यावर थोपटलं आणि जागेवर परतला. दुसऱ्याची चूक पोटात घालून पुन्हा कामाला लागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. गोल करणाऱ्यांपेक्षा ती मला अधिक लक्षात राहतात.

त्या वर्षी महिंद्रानं राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या संघाची ती पहिलीच. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. चारच वर्षांनी, २०१० साली, कंपनीनं तो संघ बंद केला. १९६२पासून चालत आलेला संघ एका निर्णयात संपला, आणि मुंबईत त्याची जेवढी हळहळ व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

बरेटो तोवर कोलकात्याला परतला होता. २००६ ते २०१२ हा त्याचा दुसरा मुक्काम. या सहा वर्षांत त्यानं फेडरेशन कप दोनदा उचलला, पण लीग एकदाही हाती लागली नाही. सहाच्या सहा वेळा ती गोव्यानं नेली: धेंपोनं चारदा, चर्चिल आणि साळगावकरनं एकेकदा. धेंपोच्या त्या यशात बेटो हा दुसरा ब्राझीलियन होता, तोही असाच वर्षानुवर्षं गोव्यात रुजलेला. म्हणजे बरेटोवरचं बंगालचं प्रेम सर्वांत जास्त वाढलं ते हरण्याच्या वर्षांत. वय तिशीपलीकडे, अंगावर जुनी दुखणी, तरी दर मोसमात हा हजर. मे २०१२मध्ये सॉल्ट लेकवर त्याचा बागानसाठीचा शेवटचा सामना झाला, आपल्या पुणे एफसीविरुद्ध. त्यातही त्यानं गोल केला.

गेलेला प्रत्येक जण असा निरोप घेऊन येत नाही, हे कोकणाला सांगायला नको. क्रिस्तियानो ज्युनियर हाही ब्राझीलचाच, धेंपोचा तरुण आघाडीवीर. ५ डिसेंबर २००४ला बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध त्यानं दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडकून तो कोसळला, तो उठलाच नाही. कप त्याच्या गोलांनी धेंपोला मिळाला. धेंपोनं त्याचा दहा नंबरचा शर्ट पुन्हा कोणाला दिला नाही. बोटीवरून न परतलेल्या माणसांची घरं माझ्या ओळखीत आहेत. त्यामुळे ही बातमी मला कधीच नुसती खेळाची वाटली नाही.

बरेटो मात्र खेळ थांबल्यावरही इथेच राहिला. मुलांना शिकवू लागला, नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स अकादमीतही त्यानं मुलं घडवली. त्याच्यासारखा, शरीर थकल्यावरही खेळ समजावून सांगू शकणारा माणूस ही एखाद्या गावाची मोठी मिळकत असते.

आमच्याकडे दिवाळीपासून मेपर्यंत पोरं क्रिकेट खेळतात. जुलैत सड्यावर गवत वाढतं, जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचतं, आणि तेवढे दोन-तीन महिने त्यांच्या पायाशी फुटबॉल येतो. अनवाणी खेळतात. चेंडू डबक्यात रुततो, कातळावर पडला की वेडावाकडा उसळतो, आणि त्या उसळीचा अंदाज घ्यायला ती आपली आपणच शिकतात. पाऊस सरला की सगळं बंद. मला त्यांच्यासाठी बारमाही मैदान हवं आहे, आणि चेंडू पायाखाली धरून कधी थांबायचं हे दाखवणारा एक तरी शिक्षक. मोठी झाल्यावर ही पोरं मुंबईची गाडी पकडणारच आहेत. त्यातला एखादा खेळायला गेला, तर ‘परत कधी?’ हे मी त्याला नक्की विचारीन.