अनेक हातांचें चित्र

फुलकोबीच्या गड्ड्याचा एक तुरा मोडून पाहावा, तर तो तुराच एक लहानसा गड्डा असल्यासारखा दिसतो. त्या तुऱ्याचा आणखी बारीक तुरा मोडावा, तर तोहि तसाच. नेच्याचें पान, नदीला मिळणारे ओढे व त्यांचे फांटे, आकाशांतील विजेची रेघ, या सर्वांत हाच प्रकार आढळतो. बेन्वा मॅन्डेलब्रॉट (१९२४–२०१०) या गणितज्ञांनीं १९६७ सालीं 'ब्रिटनचा किनारा किती लांब आहे?' असा वरकरणी साधा प्रश्न विचारून, मोजपट्टी जितकी आंखूड घ्यावी तितकी किनाऱ्याची लांबी वाढत जाते, हें विद्वानांच्या नजरेस आणिलें. अशा खडबडीत आकृतींस त्यांनीं १९७५ सालीं 'फ्रॅक्टल' हें नांव दिलें.

यांपैकीं जी आकृति आज त्यांच्याच नांवानें ओळखिली जाते, तिचा नियम दोन ओळींत मावतो. एक संख्या निवडावी. शून्यापासून आरंभ करून, हातीं असलेल्या संख्येचा वर्ग करावा व त्यांत निवडलेली संख्या मिळवावी. जें उत्तर येईल त्याचें पुन्हा तसेंच करावें. १ निवडिला, तर १, २, ५, २६ अशा उड्या घेत संख्या पळून जाते. उणें १ निवडिला, तर ती उणें १ व शून्य यांमध्यें जन्मभर येरझारा घालते. कागदावरील प्रत्येक बिंदूस आडवें व उभें अशीं दोन मापें असतात. त्या जोडीलाच एक संख्या मानून हेंच गणित करितां येतें. उत्तर मध्यापासून २ हून दूर गेलें, कीं तो बिंदु पळाला असें समजावें. जे पळत नाहींत त्यांस काळा रंग द्यावा, आणि जे पळतात त्यांस पायऱ्यांच्या संख्येप्रमाणें इतर रंग द्यावे. एवढ्यानें अशी आकृति उमटते कीं, तिची कड कितीहि मोठी करून पाहिली तरी तींत नवी नक्षी निघतच राहते.

परंतु श्रमाचा हिशेब पाहा. गास्तों जूलिया व प्येर फातू या फ्रेंच गणितज्ञांनीं १९१८ च्या सुमारास या जातीच्या गणितांचा गहन अभ्यास केला. मात्र त्यांचीं चित्रें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें, कारण तीं हातानें काढणें अशक्यप्राय होतें. १९८० सालीं मॅन्डेलब्रॉट यांस संगणकाचें साहाय्य मिळालें तेव्हां कोठें ही आकृति त्यांच्यापुढें उभी राहिली. आजहि दहा हजार बिंदु लांब व तितकेच रुंद चित्र काढावयाचें, तर दहा कोटि बिंदु होतात. आणि एकेकास हजार पायऱ्यांपर्यंत तपासावयाचें, तर दहा हजार कोटि पायऱ्यांची तयारी ठेवावी लागते.

येथें एक मोठी सोय आहे. एका बिंदूचें उत्तर शेजारच्या बिंदूच्या उत्तरावर मुळींच अवलंबून नसतें. म्हणून चित्राचे तुकडे करून हजार ठिकाणीं पाठवावे व मागाहून जोडून घ्यावे. घरोघरीं रिकामे बसलेले संगणक लोकांनीं स्वेच्छेनें अशा कामीं द्यावे, ही पद्धति गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. १९९६ पासून मोठ्या मूळसंख्यांचा शोध असा चालू आहे. १९९९ च्या मे महिन्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मंडळींनीं दुर्बिणीनें टिपलेल्या रेडिओ-लहरींचे तुकडे घरोघरीं वांटण्यास आरंभ केला; तें वांटप ३१ मार्च २०२० रोजीं थांबलें. त्याच १९९९ सालीं स्कॉट ड्रेव्ह्स यांनीं 'इलेक्ट्रिक शीप' हा उपक्रम काढिला. संगणकाचा धनी कामावरून उठला, कीं तें यंत्र हालत्या फ्रॅक्टल-चित्राची एखादी चौकट रंगवून मध्यवर्ती यंत्राकडे पाठवी. अशा चौकटी जोडून चित्रें तयार होत व तीं सर्व सभासदांस पाहावयास मिळत.

हा विषय मुलांस केवळ सांगून कळणार नाहीं असें वाटल्यावरून आम्हीं एका सत्रांत नववीच्या वर्गापुढें आलेख-कागद ठेविला. वरची अर्धी आकृति पुरे, कारण खालची तिचेंच प्रतिबिंब असते. १,३७७ बिंदु झाले. नऊ-नऊ बिंदूंच्या १५३ चौकटी पाडिल्या. ज्याची इच्छा असेल त्यानें मधल्या सुटींत एक चौकट न्यावी, गणकयंत्रावर प्रत्येक बिंदु फार तर ४० पायऱ्यांपर्यंत तपासावा, आणि पायऱ्या वहींत मांडाव्या. मोठ्या उपक्रमांत एकच तुकडा दोन यंत्रांस देऊन उत्तरें ताडून पाहण्याची चाल आहे. तीच आम्हीं ठेविली.

बाहेरच्या चौकटी दोन-चार पायऱ्यांत संपत, आणि कडेच्या चौकटी घेणाऱ्यांस सुंदर रंग मिळत. खरें कष्ट काळ्या भागांतच होते, कारण जो बिंदु पळत नाहीं त्याच्या सर्व पायऱ्या कराव्या लागतात. एका विद्यार्थिनीच्या वांट्यास अशीच एक चौकट आली. तीन दिवसांनीं ती म्हणाली, "सर, सगळें काळेंच येणार हें दिसतंच आहे. मग मी पुढचं कशाला करूं?" आम्हीं इतकेंच म्हणालों, "दिसतंय तें वहींत येऊं दे." तिला तें फारसें पटलें नसावें, पण तिनें काम सोडिलें नाहीं.

तीच चौकट दुसऱ्या एका मुलाकडेहि होती. त्यानें ती पहिल्याच दिवशीं संपूर्ण काळी रंगवून दिली होती. आठवड्यानें मुलीची चौकट आली, तींत आठ बिंदु काळे आणि एक रंगीत. उत्तरें जुळेनात, म्हणून तिसऱ्यास तपासावयास दिली. तिचेंच उत्तर खरें ठरलें. उणें पाऊण या स्थानाच्या ०.१ वर असलेला तो बिंदु बत्तीस पायऱ्या आंतल्यासारखा वागून तेहतिसाव्या पायरीस निसटतो. मुलानें आपण गणित केलें नाहीं हें न विचारतां सांगितलें, आणि दुसऱ्या दिवशीं आपण होऊन एक काळी चौकट मागून नेली.

त्या बिंदूची मौज पुढेंच आहे. तो आकृतीच्या दोन मोठ्या भागांमधील खिंडींत आहे. ही खिंड शेवटपर्यंत निमुळती होत जाते काय, हें पडताळीत असतां १९९१ सालीं डेव्ह बोल यांस आढळलें कीं, उंची १ असतां ३ पायऱ्या लागतात, ०.१ असतां ३३, ०.०१ असतां ३१५, आणि ०.००१ असतां ३,१४३. उंचीनें पायऱ्यांस गुणावें, म्हणजे ३, ३.३, ३.१५, ३.१४३, वर्तुळाचा परीघ व व्यास यांचें गुणोत्तर तेथें हळूहळू प्रकट होतें! फळ्यावर हे आंकडे लिहिले, तेव्हां ती मुलगी आपल्या वहींतील ३३ या आंकड्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

पालकांस एक सूचना करणें अवश्य आहे. संगणकाचा रिकामा वेळ फुकट असतो, ही समजूत बरोबर नाहीं. काम करणारें यंत्र तापतें व वीज खातें, आणि तिचें देणें घरधन्यास द्यावें लागतें. म्हणून मुलांनीं अशा उपक्रमांत पडण्यापूर्वीं घरीं विचारावें, आणि पालकांनीं तो उपक्रम कोणाचा व कशासाठीं आहे हें पाहून घ्यावें. दान तें जाणून दिलेलें असावें.

विद्यार्थिमित्रहो, मोठ्या कामाची वांटणी होते तेव्हां रंगीत तुकडा प्रत्येकाच्या वांट्यास येत नाहीं. बर्कलेचें काम वीस वर्षांहून अधिक काळ चाललें, लाखो लोकांनीं आपलीं यंत्रें दिलीं, आणि परग्रहावरील निश्चित असा एकहि संदेश हातीं लागला नाहीं. तरी ज्यांनीं तुकडे तपासले त्यांचें काम खोटें झालें नाहीं. येथें कांहीं नाहीं, हेंहि कोणी तरी पाहूनच सांगावें लागतें. न पाहतां दिलेला काळा रंग आणि पाहून दिलेला काळा रंग कागदावर सारखेच दिसतात. त्यांतील भेद वहीलाच ठाऊक असतो.